तीन कागद, दोन नावं: जर्मनीला जाण्याआधी काय काय करून घ्यावं?

चिंचवडची_शमा | ११ फेब्रुवारी

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

नवऱ्याला श्टुटगार्टजवळ डिझाइन इंजिनिअरची नोकरी मिळाली आहे. ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांसाठीचा तिथला नोकरी-वास्तव्याचा परवाना) जायचं, जूनच्या मध्याला आम्ही तिघंही एकदमच निघणार. लेक साडेचार वर्षांची आहे. काल रात्री सगळे कागद पलंगावर मांडले आणि पोटात गोळाच आला.

माझा पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा. विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावरही (आपला नमुना 'ई') तेच नाव. आधार आणि पॅन मात्र लग्नानंतर सासरच्या नावाने करून घेतले. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव हॉस्पिटलने सासरचं लिहून पाठवलं, तेव्हा आमच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे कागदोपत्री माझ्या मुलीची आई आणि पासपोर्टवरची मी, या दोन वेगळ्या बायका दिसतात.

नवऱ्याचा तर जन्मदाखलाच नाही. १९८६ चा जन्म. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचं सर्टिफिकेट यावर आजवर सगळं भागलं.

मी पासपोर्ट बदलून घेऊ का? कशाकशावर शिक्के मारून घ्यायचे? चिंचवडचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, तो आमच्या दोघांच्या नावावर आहे. सासूबाई इथेच नणंदेकडे राहणार, त्यांचं वय ७१. कुठून सुरुवात करू ते सांगा.

भटका_सह्याद्री | ११ फेब्रुवारी

अभिनंदन! आम्ही इटलीला गेलो तेव्हा जन्म, विवाह, पदवी या सगळ्यावर अ‍ॅपोस्टिल करून घेतलं होतं, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून सरकारी शिक्कामोर्तब. आधी मंत्रालयातून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. एजंटकडे दिलं तर धावपळ वाचते. तेवढं केलं की निर्धास्त राहा.

कार्ल्सरुहची_मीनल | १२ फेब्रुवारी

भटका_सह्याद्री, इटलीसाठी तुमचं बरोबर आहे, पण जर्मनीचं वेगळं आहे, म्हणून शमाताईंनी एजंटला पैसे द्यायच्या आत लिहिते. भारत २००५ साली अ‍ॅपोस्टिलच्या हेग करारात आला तेव्हा जर्मनीने त्यावर आक्षेप नोंदवला आणि तो अजून मागे घेतलेला नाही. त्यामुळे या दोन देशांत एकमेकांचं अ‍ॅपोस्टिल चालत नाही. भारतातल्या जर्मन वकिलातींनी कागद प्रमाणित करून देणंही केव्हाच थांबवलं आहे. इथल्या कचेरीला एखाद्या भारतीय दाखल्याची खात्री करून घ्यायची असेल तर ती वकिलातीला विचारते. मग वकिलातीने नेमलेला माणूस आपल्या गावी जाऊन मूळ रजिस्टर बघतो, शाळेत चौकशी करतो. खर्च आपला आणि वेळ महिन्यांत मोजायचा. स्टिकर असला काय, नसला काय, शेवटी बघितलं जातं ते रजिस्टरातली ओळ.

माझ्यावर हे गुदरलं आहे म्हणून इतकं पोटतिडकीने लिहिते. माझा मुलगा इथे जन्मला. चौथ्या दिवशी जन्मनोंदणी कचेरीतून, म्हणजे स्टांडेसआम्टमधून पत्र: आईवडिलांचे जन्मदाखले आणि विवाह प्रमाणपत्र, शपथबद्ध अनुवादकाच्या भाषांतरासह. माझ्या जन्मदाखल्यात नावाच्या रकान्यात रेघ होती. मी जन्मले तेव्हा बारसं व्हायच्या आत नोंद झाली आणि नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. इथली बाई अतिशय सभ्यपणे म्हणाली, "हा दाखला कुणा तरी मुलीचा आहे. ती मुलगी तुम्हीच हे यात कुठे लिहिलं आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाळाच्या जन्माचा उतारा मिळाला तो 'आईची ओळख सिद्ध झालेली नाही' अशा शेऱ्यासकट. त्या एका शेऱ्यापायी बाळाचा पासपोर्ट अडला, पालकत्व भत्ता अडला. माझा भाऊ नोकरीतून रजा काढून आमच्या जन्मगावच्या नगरपालिकेत तीन खेपा घालून आला. सगळं सुरळीत व्हायला अकरा महिने गेले. बाळंतपणाची ती पहिली थंडी मी कचेऱ्यांच्या पत्रांत घालवली.

आता तुमचं. पासपोर्ट अजिबात बदलू नका. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायलाच हवं असा नियम नाही. तुमचा पासपोर्ट, पदवी आणि विवाह प्रमाणपत्र एका नावाने आहेत, हे तुमचं भाग्य समजा. लेकीच्या दाखल्यातलं आईचं नाव मात्र महापालिकेत अर्ज करून पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्या, आजच. व्हिसाला लेकीचा जन्मदाखला आणि तुमचं विवाह प्रमाणपत्र लागेल. तुमच्या यजमानांचा दाखला व्हिसाला बहुधा कुणी मागणार नाही, पण उद्या दुसरं मूल इथे झालं किंवा पुढे नागरिकत्वाचा विचार आला तर मागतील. तेव्हा साताऱ्या-सांगलीत कोण धावणार? भारतात आहात तोवर काढून ठेवा.

आणि लेकीचं लसीकरण कार्ड. गोवराच्या दोन लसींचा पुरावा नसेल तर बालवाडीत प्रवेश मिळत नाही, मार्च २०२० पासून तसा कायदाच आहे. आपल्याकडे नवव्या महिन्याला आणि दीड वर्षाच्या आसपास दिलेल्या असतात. तारखा, लसीचं नाव आणि डॉक्टरांचा शिक्का नीट वाचता येईल असं इंग्रजीत लिहून घ्या.

चिंचवडची_शमा | १२ फेब्रुवारी

मीनलताई, वाचताना अंगावर काटा आला. मनापासून आभार. लेकीच्या दाखल्याचा अर्ज उद्याच देते.

नवऱ्याच्या नोंदीसाठी दीर मागच्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन आले. १९८५ ते १९८७ अशी तिन्ही वर्षं पाहिली. नोंद नाही म्हणतात. आता उशिराची नोंद करायची का?

निवृत्त_लिपिक | १३ फेब्रुवारी

तुमचे यजमान घरातले थोरले का?

चिंचवडची_शमा | १३ फेब्रुवारी

हो, थोरले. का?

निवृत्त_लिपिक | १३ फेब्रुवारी

मग तुम्ही चुकीच्या गावात शोधत आहात. पहिलं बाळंतपण माहेरी. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, वडिलांच्या गावी नाही. आजोळच्या ग्रामपंचायतीत बघा. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं असेल तर तिथल्या नगरपालिकेत. माझी सगळी नोकरी पंचायत समितीत गेली. 'नोंदच नाही' म्हणून परत गेलेल्यांतले कितीतरी जण पुढे आजोळच्या रजिस्टरात सापडलेले मी पाहिले आहेत.

शोधताना नावावर जाऊ नका. १९८६ च्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक नसेलच, नुसतं 'पुरुष' किंवा 'मुलगा' असेल. वडिलांचं नाव आणि तारीख धरून शोधा. जन्मतारीखही शाळेतल्या तारखेशी जुळेलच असं नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिण्याची पद्धत होती, त्यामुळे मागचं-पुढचं एक-दीड वर्ष पाहा. अर्जात 'शोध घेऊन नक्कल मिळावी' असे शब्द हवेत आणि शोध शुल्काची पावती घ्या. पावती असली की नुसतं तोंडी 'नाही' म्हणता येत नाही. नोंद सापडली नाही तर अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तोही एक कामाचा कागद आहे.

नोंद सापडली आणि नाव कोरं असेल तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात नाव घालण्याची सोय आहे. आपल्याकडे नियमांत त्याला पंधरा वर्षांची मर्यादा आहे, पण जुन्या नोंदींसाठी शासनाने वेळोवेळी मुदत वाढवून दिली आहे. अर्ज करताना सध्याची मुदत विचारून घ्या. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि आईवडिलांची ओळखपत्रं.

उशिराच्या नव्या नोंदीच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका. त्याला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शिवाय चाळिशीच्या माणसाची यंदाच्या तारखेची नोंद बघून परदेशातला अधिकारी दहा प्रश्न विचारणार. मूळ नोंद जुनी असणं हीच तिची किंमत.

सासूबाईंच्या स्वतःच्या जन्माचं कधी काही लागलं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, बघायचं.

कार्ल्सरुहची_मीनल | १३ फेब्रुवारी

लिपिककाका, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

एक भर घालते. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतला घ्या. नुसता देवनागरी असेल तर इथला शपथबद्ध अनुवादक आंतरराष्ट्रीय लिप्यंतराच्या नियमाने नाव लिहितो, वर रेघा आणि खाली टिंबं असलेलं. मग पासपोर्टवरचं स्पेलिंग वेगळं, भाषांतरातलं वेगळं, आणि आणखी एक नाव तयार.

डोंबिवली_ते_म्युनिक | १५ फेब्रुवारी

इथे उतरल्यानंतरचं मी लिहितो.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. तिला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं, नुसता भाडेकरार पुरत नाही. कंपनी सुरुवातीला जी सुसज्ज खोली देते तिथे नोंदणी करता येते का, हे भारतातूनच लेखी विचारा. आमच्या वेळी ज्यांनी खोली दिली त्यांनी ऐनवेळी पत्र द्यायला नकार दिला. पत्ता नाही म्हणून कर क्रमांक नाही. तो नसला की पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. पुढे परत मिळतो, पण पहिल्या तीन महिन्यांत खिशाला चटका बसतो. विवाह प्रमाणपत्राचं भाषांतर आन्मेल्डुंगलाच सोबत न्या, म्हणजे तुमची नोंद विवाहित म्हणून होईल आणि करवर्ग (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा गट) त्याप्रमाणे लागेल.

पत्रपेटी! इथे टपाल फ्लॅट नंबरावर येत नाही, फ्लॅटला नंबरच नसतो. पेटीवर आणि बेलवर आडनाव असेल तरच पोस्टमन पत्र टाकतो, नाहीतर परत. कर क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विमा कार्ड, सगळं टपालाने येतं. माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं. पहिल्या दिवशी कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने लावा.

घर बघताना दोन भाडी विचारा. नुसत्या जागेचं 'थंड' भाडं आणि हीटिंग वगैरे धरून 'उबदार' भाडं. अनामत थंड भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला आहे. बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक नळ. ओटा, सिंक, शेगडी आपण आणायची. जाहिरातीत स्वयंपाकघर बसवलेलं आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते नाही असंच धरून चाला.

रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी दर घरामागे द्यावंच लागतं. फसवणूक समजून फेकू नका, आमच्या ओळखीतल्या एकांनी फेकलं आणि दंडासकट भरलं.

गाडी: भारतीय लायसन्स पहिले सहा महिने चालतं. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. सहा महिन्यांनंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते.

दुबईकर_मालवणी | १५ फेब्रुवारी

दुबई किंवा सौदीमार्गे विमान असेल तर सामानात खसखस ठेवू नका. मसाल्याच्या डब्यात चमचाभरही नको. तिकडे ती अमली पदार्थांत धरतात. नेहमीची औषधं नेताना डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावासकट असू द्या.

कार्ल्सरुहची_मीनल | १६ फेब्रुवारी

खाण्याचं निघालंच आहे तर: युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे घरीच. ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून हापूस आणि कढीपत्ताही नाही. त्यातून सुटलेली पाचच फळं: केळी, अननस, खजूर, डुरियन आणि आपला नारळ! गोडा मसाला, मेतकूट, पापड, लोणचं बिनदिक्कत आणा. मिक्सर चालतो, वीज २३० व्होल्टच आहे, फक्त पिनचा अडॅप्टर लागेल. कुकर इंडक्शनला चालणारा स्टीलचा घ्या.

सीए_गोदाकाठ | १८ फेब्रुवारी

पैशांचं थोडक्यात, पण यात चालढकल नको.

जूनच्या मध्याला निघालात तर १ एप्रिलपासून तुमचे भारतातले दिवस साधारण ७६ होतात. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला १८२ दिवसांची मर्यादा आहे, म्हणजे हे आख्खं आर्थिक वर्ष तुमचे यजमान अनिवासी धरले जातील, बशर्ते पुन्हा फार दिवस येऊन राहिले नाहीत. बँकेला कळवून साधी बचत खाती एनआरओ (अनिवासींची, भारतातल्या उत्पन्नासाठीची) करून घ्या. ती तशीच वापरत राहणं परकीय चलन कायद्याविरुद्ध आहे. जर्मनीतली कमाई भारतात पाठवायला वेगळं एनआरई खातं. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. प्रॉव्हिडंट फंड घाईने काढू नका. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, पेन्शनच्या पात्रतेसाठी दोन्हीकडची वर्षं एकत्र धरली जातात.

शमाताई, तुमच्या नावाचा गुंता इथेही येणार. एनआरओ खात्याला पासपोर्ट आणि पॅन दोन्ही लागतात. एकावर माहेर, एकावर सासर असलं की बँक अर्ज परत करते. आधार आणि पॅन दोन्ही पासपोर्टप्रमाणे करून घ्या. आधी आधार, मग पॅन.

फ्लॅट: अनिवासी मालकाला भाडं देणाऱ्या भाडेकरूने मुळातूनच कर कापायचा असतो, अधिभार लागू नसेल तर ३१.२ टक्के. त्यासाठी त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) घ्यावा लागतो. हे ऐकून भाडेकरू बिचकतात, म्हणून आधीच सांगा. तुमचा प्रत्यक्ष कर कमी बसत असेल तर कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी बंधनकारक आहे, ती निघण्याआधी उरका. पुढच्या नूतनीकरणासाठी नणंदबाईंना किंवा दिरांना मुखत्यारपत्र करून द्या, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. तिकडे गेल्यावर करायचं म्हटलं तर भारतीय वकिलातीत सह्या आणि कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, असा वळसा पडतो.

अवंती_नाशिक | १९ फेब्रुवारी

माझा मुलगा आणि सून गेली सहा वर्षं बाहेर आहेत, मी इथे राहिलेली आई. म्हणून सासूबाईंच्या बाजूने लिहिते.

तुमचा भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. बँक, आधार, आयकर, सगळ्याचे ओटीपी त्यावर. रिचार्ज संपला आणि बरेच दिवस सिम वापरलं नाही की नंबर जातो. सासूबाईंच्या खात्याला मात्र तुमचा नंबर जोडू नका. आमच्याकडे तसं केलं होतं. मला हॉस्पिटलात पैसे भरायचे होते आणि ओटीपी मुलाच्या फोनवर, तिकडे रात्रीचे तीन. त्यांचा फोन, त्यांचा नंबर, आणि तो कसा वापरायचा हे त्यांना शांतपणे, पुन्हा पुन्हा शिकवा.

त्यांच्या आरोग्य विम्याचं कार्ड, औषधांची यादी, फॅमिली डॉक्टरांचा फोन, किल्ल्या कुणाकडे, हे एका वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि त्यांचा पासपोर्ट काढून ठेवा. नातीला भेटायला जाता येईल हे घरात आहे, एवढ्यानेही धीर येतो.

डोंबिवली_ते_म्युनिक | १९ फेब्रुवारी

अवंतीताईंना अनुमोदन. आणि शमाताई, ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन येण्याची अट नाही, नोकरीही करता येते. तरी निघेपर्यंत पुण्यात मॅक्स म्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरुवात करा. यजमानांनाही बसवा: जर्मनची बी१ (मध्यम) पातळी आली की ब्लू कार्डावर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मागता येतं, ए१ (प्राथमिक) वर २७.

चिंचवडची_शमा | २ मे

धागा वर काढते आहे. नोंद सापडली!

लिपिककाका म्हणाले तसं आजोळीच, पाटण तालुक्यात. तारीख शाळेतल्या तारखेच्या सात महिने आधीची निघाली असती तर काय, या धास्तीने मी झोपले नव्हते, पण तारीख जुळली. बाळाच्या नावाची जागा कोरी. वडिलांचं नाव बरोबर. आणि आईचं नाव: द्वारका.

आमच्या सासूबाई सुनंदा. लग्नात तांदळात नाव लिहून बदललेलं, आणि बाळंतपणाला माहेरी गेल्या तेव्हा तिथल्या माणसांनी जे नाव त्यांना ठाऊक होतं तेच सांगितलं. शाळेच्या चौथीच्या दाखल्यावरही द्वारकाच आहे. ग्रामपंचायतीत सांगितलं की मूळ नोंद खोडत नाहीत, दुरुस्ती समासात होते, पण ही चूक नाहीच, नाव खरंच तेव्हा तेच होतं. म्हणून नवऱ्याचं नाव नोंदीत घालून घेतलं आणि सासूबाईंच्या नावबदलाची जाहिरात शासन राजपत्रात दिली. ती छापून आली. जन्मदाखला, राजपत्र आणि त्यांचा चौथीचा दाखला असे तीन कागद आता एका फाइलीत आहेत, भाषांतरासकट. दाखला दोन्ही भाषांत मिळाला.

नक्कल घ्यायला सासूबाई स्वतः आल्या होत्या. कारकुनाने रजिस्टर फिरवून ओळ दाखवली. त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचली आणि म्हणाल्या, "हे नाव शेवटचं आईने हाक मारताना ऐकलं होतं." परतीच्या गाडीत लेकीने त्यांना कराडपर्यंत द्वारकाआजी म्हणूनच हाक मारली.

लेकीचा दाखला दुरुस्त झाला, आधार-पॅन झाले, व्हिसा आला. सासूबाईंच्या पासपोर्टचा अर्ज दिला आहे, सुनंदा नावाने, राजपत्र जोडून.

एकच राहिलं. पत्रपेटीवर नवऱ्याचं आणि माझं, अशी दोन आडनावं लावली तर चालतात का?

डोंबिवली_ते_म्युनिक | २ मे

चालतात. दोन्ही लावा, एकाखाली एक, ठळक अक्षरात.